आडव्या बाटलीचा पाव

शालननं आयुष्यात पहिल्यांदा दारूचं दुकान गिऱ्हाईक म्हणून गाठलं, तेव्हा दुकानदारानं तिला बघून शटरच खाली ओढलं.

त्यात जानूची काही चूक नव्हती. जानूचं हे दुकान आधी लोणावळ्यात नव्हतंच. ते होतं बेडशाच्या अलीकडं, तळवाडीच्या फाट्यावर, शालनच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मग तीन वर्षांपूर्वी शालननं गावातल्या बायका गोळा केल्या, मोर्चे काढले, साहेबांच्या दारात ठिय्या दिला आणि शेवटी मतदान घडवून आणलं. उभी बाटली म्हणजे दुकान राहील, आडवी बाटली म्हणजे दुकान जाईल. बाटली आडवी झाली, जानूही झाला. शालन दारूबंदी समितीची अध्यक्ष झाली आणि जानू बाडबिस्तरा घेऊन लोणावळ्याला गेला. आता तीच बाई खांद्याला पिशवी लावून दारात उभी म्हटल्यावर त्यानं काय समजायचं?

"काकी, हितं तरी सोडा की!" शटरच्या आतून आवाज आला. "पोरांच्या फिया भरायच्यात!"

"आरं, मी एकटीच हाय."

"बाकीच्या कुटं दडल्यात?"

"कुनी न्हाई रं. मला एक बाटली पायजे."

मग शटर वीतभर वर झालं आणि खालून जानूचा एक डोळा दिसला.

"जप्तीला?"

"न्हाई," शालन इकडंतिकडं बघत म्हणाली. "पावाला."

आता पावाला बिअर कशाला, हे जानूला सांगायचं तर सुनेपासून सुरुवात करावी लागली असती, आणि शालननं ते काही सांगितलं नाही. पण आपल्याला कळायला हवं.

सून समीक्षा, देहूरोडची. लग्नाआधी लोणावळ्यातल्या एका कॅफेत काउंटरला होती. मुलगी कामाला चांगली, वागायला चांगली, शालनचा मुलगा निलेशही तिच्यावर खूश. एकच गोष्ट होती. ती काही मागायचीच नाही. साडी कुठली घेऊ? कुठलीही चालेल. भाजी काय करू? काहीही चालेल. पंखा लावू का? असू दे. शालनला ह्या 'चालेल'ची धास्तीच बसली होती. भांडणारी सून असती तर निदान घरात कुणीतरी आलंय असं तरी वाटलं असतं. ही दोन वर्षं पाहुण्यासारखी राहत होती, पाय पोटाशी घेऊन.

दिवस गेले तरी तेच. कसले डोहाळे लागलेत? कसलेच नाहीत. कैरी? नको. चिंच? राहू दे.

"डोहाळं पुरवलं न्हाईत तर पोराचं कान फुटत्यात," अंबूबाई येता-जाता बजावायची. अंबूबाई समितीची उपाध्यक्ष, वयानं सत्तरीच्या पुढं, आवाजानं विशीत. "माझ्या नणंदेचा पोरगा बग. पन्नाशीला आला, अजून कानात कापूस घालून हिंडतोय. का? तर तिला खरवस पायजे हुता आन् म्हस आटली हुती."

आणि मग एका दुपारी दोघी इंद्रायणीचा तांदूळ निवडत बसलेल्या असताना समीक्षा आपणहून बोलली. सुपाकडं बघत, अगदी हळू.

"आई, तिथे एक ब्रेड मिळायचा. खारा, चीज घातलेला. वरून कडक आणि कडा अशा कुरकुरीत. शेवटचा कडेचा तुकडा मी कुणाला विकायचेच नाही. संपला म्हणून सांगायचे."

शालननं श्वाससुद्धा जपून घेतला. मांजर पहिल्यांदा जवळ आलं की आपण हलत नाही, तसं.

"मग करू की गं."

"नको. त्यात बिअर असते."

शालनच्या हातातलं सूप कललं. "बिअर म्हंजी... पेत्यात ती?"

"हो. यीस्ट लागत नाही मग. मैदा, बेकिंग पावडर, थोडी साखर, मीठ, किसलेलं चीज आणि एक छोटी बाटली. नुसतं ढवळायचं आणि भाजायचं."

"मळायचं न्हाई?"

"अजिबात नाही. मळलं की बिघडतो."

शालनला बिअरपेक्षा ह्याचा जास्त धक्का बसला.

"डॉक्टरांना विचारलं होतं मी," समीक्षा म्हणाली, "भाजलेला एखादा तुकडा चालेल म्हणाल्या. पण आपल्या गावात कुठे... जाऊ दे. मला काही नको."

विचारलं होतं! म्हणजे पोरगी कधीची मनात घेऊन बसली होती. डॉक्टरांना विचारलं, पण सासूला विचारायला तिला इतके दिवस लागले. शालनला ते फार लागलं. डोहाळजेवण आठवड्यावर आलं होतं. त्या दिवशी हा पाव ताटात पडला नाही, तर ही पोरगी ह्या घरात पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, अशी तिची खात्रीच झाली.

निलेशला सांगावं, तर तो तळेगावच्या कंपनीत जायला निघालेला, चप्पल घालता घालता दारातच थबकला. "आई, अंबूआजीनं पकडलं तर देवळापुढं झाडू मला मारावा लागंल. नेम तूच केलायस."

केला होता खरा. गावात बाटली आणणाऱ्यानं आठवडाभर सकाळी देवळाचं आवार झाडायचं, नेमकं डेअरीला दूध घालायला सगळं गाव जातं त्या वेळेला. दंडापेक्षा लाज बरी, हे शालनचंच वाक्य. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

म्हणून ती स्वतःच आली होती. ओटीचा खण आणायला जाते सांगून.

"स्ट्राँग देऊ का माइल्ड?" जानूनं विचारलं. शटर आता कमरेपर्यंत आलं होतं.

"चिजासंगं कुटली जाती?"

जानूनं तिच्याकडं निरखून बघितलं. "काकी, तुमी लय पुढं गेलात."

त्यानं गार बाटली काउंटरवर उभी ठेवली, आणि शालनचा हात आपोआप पुढं गेला आणि त्यानं ती आडवी केली. प्रचारात सगळ्या गावाला तळहात आडवा करून दाखवून दाखवून हाताला वळणच पडलं होतं. बाटली गडगडली. जानूनं कशीबशी झेलली.

"आवो, हिला आडवी नेऊ नका. गचके बसले की फसफसंल. हातात उभी धरा."

"उभी बाटली? माझ्या हातात?" शालननं डोळे वटारले. "येडा का खुळा तू?"

जानू काळी पिशवी काढायला वाकला, तर तिनं तीही घेतली नाही. काळी पिशवी हातात दिसली की आत काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. तिनं नुकताच घेतलेला हिरवा खण काढला, त्यात बाटली गुंडाळली आणि पिशवीत नीट आडवी निजवली. लहान बाळाला निजवतात तशी.

लोणावळ्याहून कामशेतपर्यंत एसटीनं सगळं ठीक झालं. कामशेतला टमटममध्ये बसली आणि शेजारी येऊन टेकली अंबूबाई.

इथं अंबूबाईच्या नाकाविषयी सांगायला हवं, कारण समितीची खरी मालमत्ता ते नाकच होतं. संध्याकाळी ती फाट्यावर उभी राहायची आणि पुरुष माणसं एकामागून एक तिच्यासमोर 'हा' करून गावात शिरायची. सरपंचसुद्धा. आजवर ते नाक चुकलेलं नव्हतं.

"दे ती पिशवी मांडीवर, आवघडलीस तू," म्हणत तिनं पिशवी ओढलीच. "गार लागतंय गं. काय हाय?"

"नारळ."

अंबूबाईनं वरून चाचपलं. "लांबडा हाय."

"केरळचा," शालन म्हणाली. ती पुढं खड्ड्याकडं बघत होती.

रस्ता पाइपलाइनसाठी उकरलेला होता. टमटम उडत होती, अंबूबाई उडत होती, मांडीवरचा नारळ उडत होता. प्रत्येक गचक्याला शालन मनात म्हणायची, बूच सांभाळ रे देवा. तळवाडी आली तशी तिनं पिशवी ओढून घेऊन छातीशी धरली. अंबूबाई मात्र खुशीत उतरली. "मांड्या शेकल्या गं गार गार. बरं वाटलं."

डोहाळजेवण त्याच संध्याकाळचं. समीक्षाला शेजारच्या बायकांनी वेणी-गजऱ्याला नेलं होतं, शालनचा नवरा कैलास खुर्च्या आणायला गेला होता. ओट्यावर हौशीराम एकटाच स्टुलावर चढून झोपाळ्याला झेंडूच्या माळा बांधत होता. हा हौशीराम म्हणजे एके काळी गावचा पहिल्या नंबरचा पिणारा. शालनच्या भाताच्या रोपांवर कितीदा झोपलेला सापडायचा, आणि रोपं मोडली म्हणून रडायचाही तोच. बंदी झाल्यापासून त्यानं थेंब शिवला नव्हता. आता मांडव घालायचा, माळा बांधायचा आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा, "आपुन सोडली."

शालननं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बचत गटात पातेल्यात केक करायला शिकवलं होतं, ते आज कामी आलं. मोठ्या पातेल्यात वाळू घातली, झाकण ठेवून तापत ठेवली. मैदा चाळला, बेकिंग पावडर, साखर, मीठ. चीज किसलं. दिसायला अंगाच्या साबणासारखं, पण ती किसता किसता तीन-चारदा तोंडात टाकून मोकळी झाली.

मग बाटली. ओपनर ह्या घरात कुठून असणार? सांडशी लावून बघितली, विळीचं टोक लावून बघितलं. शेवटी तिनं बूच दाराच्या कोयंड्यात अडकवलं आणि देवाचं नाव घेऊन हिसडा दिला.

बाटली फुटली असती तरी बरं, असं तिला नंतर वाटलं. फेसाचं कारंजं उठलं ते आधी पत्र्याला लागलं. तिथून भिंतीवरच्या फ्रेमवर आलं. त्या फ्रेममध्ये दारूबंदीबद्दल शाल-नारळ घेणारी शालन हसत होती, तिच्या नाकावरून फेस ओघळला. शालननं घाबरून बाटलीचं तोंड खिडकीकडं फिरवलं, तर एक सपकारा खिडकीबाहेर गेला. बाहेर हौशीराम म्हणाला, "वैनी, ताक झटकताय का?"

"व्हय व्हय!" शालन म्हणाली.

बाटलीत निम्मी उरली होती. ती मैद्यात ओतली तर मैदा चुरचुरला, पण पुरा भिजेना. आता? लोणावळ्याला परत जायचं तर जानूनं शटरला कुलूपच लावलं असतं. शालननं फडताळातलं ताक घेतलं आणि घातलं. आणि मग खरी परीक्षा आली. इतकी वर्षं भाकरी थापलेला हात त्या गोळ्यात शिरून मळायला शिवशिवत होता. तिनं उजवा हात पदरात गुंडाळून घेतला आणि डाव्या हातानं, उलथन्यानं, जमेल तसं ढवळलं. डब्याला लोणी चोपडलं, ते बेंगरूळ पीठ आत लोटलं, वरून पातळ लोणी सोडलं आणि डबा वाळूवर ठेवून झाकणावर वरवंटा चढवला. रिकामी बाटली तांदळाच्या पिंपात खोल पुरली. आडवीच.

ती जमीन पुसायला वाकली, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"हौश्या! खाली उतर!"

अंबूबाई अंगणात आली होती. एक पाऊल ओट्यावर, एक खाली, आणि नाक वर.

"काय मावशी?"

"तोंड उघड."

हौशीरामनं स्टुलावरूनच 'हा' केला. अंबूबाईनं हुंगलं, तिच्या कपाळाला आठी पडली. मग ती त्याच्या खांद्याकडं वळली आणि दोन पावलं मागं सरली.

"आगं बया! तोंडाला न्हाई, अंगाला मारतोय! दारूनं आंघूळ केलीस का रं?"

"न्हाई वो! सकाळधरनं दोन चहा झाल्यात, दुसरं काय बी न्हाई."

"मंग ह्यो वास कशाचा?"

हौशीरामनं मान वळवून स्वतःचा खांदा हुंगला. त्याचा चेहरा उतरला. पुन्हा हुंगला. गजरे माळणाऱ्या बायका शेजारच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"वास तर हाय," तो म्हणाला.

"पेलास का न्हाई, सांग!"

"आठवत तर न्हाई." तो स्टुलावरून उतरला. गळ्यातली झेंडूची माळ काढून त्यानं झोपाळ्यावर नीट ठेवली. "पर मावशी, पूर्वी बी आठवायचं न्हाईच. तुमचं नाक काय खोटं न्हाई बोलनार. तुमी म्हनताय तर पेलो आसंन." त्यानं स्टूल भिंतीला लावून ठेवलं. "लय सांबाळलं हुतं वो मी. झाडू कुटं ठिवलाय?"

शालन दाराआड उभी होती. हातात ओलं फडकं. मागं पातेल्यातून वास यायला लागला होता, खारट, लोण्याचा, चीज करपण्याच्या बेतात असतानाचा, आणि तिला कळत होतं की अजून थोडा वेळ गप्प राहिलं की सगळं निभावतंय. पाव होईल, जेवण होईल, समीक्षा खाईल. हौशीराम झाडेल आठवडाभर. त्याला काय, त्याला सवय होती.

आणि नेमकं तेच तिला सहन होईना. तो माणूस न प्यायलेली दारू कबूल करत होता. तिच्या समितीवर इतका विश्वास तर तिचाही नव्हता.

तिनं दार उघडलं.

"हौशीराम, झाडू ठिव खाली. त्यो माझा हाय."

"तू गप, शालन," अंबूबाई म्हणाली. "तुला दया येती. दयेनं गाव बिघडतं."

"दया न्हाई वो मावशी. बिअर मी आनली. पावात घातली. निम्मी उडाली, ती ह्याच्या अंगावर पडली."

अंबूबाई हसली. "बगा गं बायांनो, कसं झाकतीय त्याला."

आता आला का प्रश्न! खरं बोलूनही कुणी मानेना. शालन आत गेली, कोपरापर्यंत हात पिंपात घालून बाटली उपसली आणि तांदळाचे दाणे सांडत ती ओट्यावर घेऊन आली. अंबूबाईनं बाटली बघितली. लांबी बघितली. हात आपोआप स्वतःच्या मांडीकडं गेला.

"नारळ?"

"नारळ."

"केरळचा?"

शालननं मान खाली घातली.

"म्हंजी कामशेतपासनं," अंबूबाई एकेक शब्द तोडत म्हणाली, "गावात दारू... मी आनली. माझ्या मांडीवर."

हौशीराम अजून स्वतःचा खांदा धरून उभा होता. "म्हंजी मी न्हाई पेलो?" त्यानं विचारलं. त्याला आधी ते पक्कं करून घ्यायचं होतं. "वैनी, नक्की?"

"नक्की रं बाबा. ते ताक नव्हतं."

हौशीराम मटकन पायरीवर बसला आणि डोळे पुसत हसायलाच लागला.

एवढ्यात बायकांमधून वाट काढत समीक्षा आली. अर्धी वेणी गुंफलेली, अर्धी सुटलेली. ती अंबूबाईपुढं उभी राहिली, आणि जिचा आवाज दोन वर्षांत भिंतीपलीकडं गेला नव्हता, ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलली.

"मी मागितला होता तो ब्रेड. माझ्या आईंनी माझ्यासाठी केला. झाडू मारायचा तर मी मारते."

"सातव्या महिन्यात झाडू? गप बस तिकडं झोपाळ्यावर!" अंबूबाई ओरडली, पण त्यात पहिल्यासारखा दम नव्हता.

समीक्षा झोपाळ्यावर बसली नाही. तिनं हवेत वास घेतला आणि एकदम शालनकडं वळली. "आई, ठेवून किती वेळ झाला? बिअर कमी पडली तर काय घातलंत? ताक? किती? अहो, किती ते सांगा ना! मळलं नाहीत ना? आणि झाकण कुणी उघडायचं नाही आत्ता, बसेल तो! गॅस बारीक करा आधी. व्हा पुढे!"

शालन पळत आत गेली. गॅस बारीक केला. पातेल्यापाशी ती एकटीच उभी राहून हसत होती, पत्र्यावरून टपकणारे थेंब अंगावर घेत. सून ओरडली होती. चांगली मायेनं, घरच्यासारखी ओरडली होती.

पाव निघाला तो एका अंगानं उंच, दुसऱ्या अंगानं लांब निमुळता, थेट लोहगडाच्या विंचूकाटा माचीसारखा. वरून तांबूस, तडा गेलेला, कडांना चीज कढून कुरकुरीत जाळी झालेली. ओटी भरली, गाणी झाली. पेढ्याची आणि बर्फीची अशा दोन वाट्या झाकून समोर आल्या, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. समीक्षानं दोन्ही वाट्या बाजूला सारून कडेचा तुकडा उचलला.

"आता ह्यातनं काय समजायचं गं?" एका बाईनं विचारलं. "मुलगा का मुलगी?"

"बेकरीवाला!" ओट्यावरून हौशीराम ओरडला.

समीक्षानं डोळे मिटून तुकडा खाल्ला. "तिथल्यापेक्षा बरा झालाय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मीठ कमी आहे, आई. पुढच्या वेळी बघा."

पुढच्या वेळी! शालननं पदर तोंडाला लावला.

अंबूबाई पावाला हात लावायला तयार नव्हती. तिनं आधी लांबून हुंगलं, मग जवळून. "वास न्हाई राह्यला," तिनं जाहीर केलं. "लोन्याचा हाय, चिजाचा हाय." तपासणी म्हणून तिनं एक तुकडा खाल्ला. एका तुकड्यानं नीट कळत नाही म्हणून दुसरा खाल्ला. तिसरा पदरात बांधताना तिला सगळ्यांनी बघितलं.

पण नेम तो नेम. दुसऱ्या दिवशी उजाडताच समितीच्या अध्यक्षबाई देवळाच्या आवारात झाडू मारत होत्या. गाव किटल्या घेऊन डेअरीला चाललं होतं आणि जाताना वाकून वाकून नमस्कार करत होतं. हौशीराम पारावर बसून देखरेख करत होता. त्याच्या हातात उरलेला पाव आणि चहा होता. समीक्षानंच आणून दिला होता.

"वैनी, पिंपळाखालचं राह्यलं."

"दिसतंय मला."

"न्हाई, मी आपलं अनुभवानं सांगतो. पाला वाऱ्याच्या अंगानं लोटायचा."

अंबूबाई देवळातून बाहेर आली. उगीच घुटमळली. खांबाला टेकली.

"शालन."

"काय मावशी?"

"मला बी जरा डोहाळं लागल्यागत झाल्यात."

शालननं झाडू थांबवला. "ह्या वयात?"

"वयाचं काय? न्हाई पुरवलं तर माझंच कान फुटायचं." ती दुसरीकडंच बघत होती. "त्या पावाला बाटली बारकी लागती का मोठी?"

"बारकी. पर मावशी, अजून एक बाटली म्हंजी अजून एक आठवडा झाडू. माझं कंबरडं मोडंल. आनि नेमात सवलत न्हाई, तुमीच म्हनता."

अंबूबाईनं रस्त्याकडं बघितलं. दुधवाले पांगले होते. तिनं पदर खोचला, भिंतीला टेकवलेला दुसरा झाडू उचलला आणि पलीकडच्या कोपऱ्यापासून झाडायला सुरुवात केली.

"मावशी," हौशीराम पारावरून म्हणाला, "वाऱ्याच्या अंगानं."